मुलीच्या नावापुढचा भोपळा

आमच्या कॉलनीत भाडं बाजार ठरवत नाही, कमिटी ठरवते. अबूधाबीहून तेल कंपन्यांच्या रुवैसकडं जाताना, गावाच्या अलीकडं हायवे सोडून आत वळलं की सहा बिल्डिंगा लागतात, त्यात कंपनीचे फॅमिलीवाले कामगार राहतात. तिथला नियम असा की घरात राहणारे सगळे मिळून जे कमावतात त्याचा पाचवा हिस्सा भाडं. क्वार्टर ज्याच्या नावावर त्याचा पगार पूर्ण धरायचा, कमावती पोरं घरात असली तर त्यांचा अर्धा. दर तीन वर्षांनी फॉर्म येतो. मग एक माणूस घर बघून जातो, मग नव्या भाड्याचं पत्र येतं. मी चौथी पास आहे, पण पाचवा हिस्सा काढायला चौथी पुरते. माझा पगार साडेपाच हजार दिरहाम, भाडं अकराशे. दोन खोल्या, एक हॉल, किचन. ह्या देशात एवढ्यात दुसरीकडं कोंबडीचं खुराडं मिळणार नाही.

कमिटीत तिघं. एक म्युनिसिपालिटीची बाई, एक कंपनीचा हिशोबनीस, आणि वर एक म्हातारा अरब साहेब. त्याला सगळे शेख म्हणायचे, तो शेख नसला तरी. तिघं वर्षभर कुठं असतात कुणाला माहीत नाही. पण फॉर्मचा महिना आला की कॉलनीतली माणसं देवाची आठवण काढायची सोडून त्यांची काढतात.

मी बत्तीस वर्षं वेल्डिंग केलं. माझ्या टाक्याला कधी कुणी बोट लावलं नाही. आता डोळे काम देत नाहीत म्हणून वर्कशॉपात नव्या पोरांचे टाके तपासतो आणि त्यांना शिव्या देतो. नोकरीची दोन वर्षं उरलीत. दोन वर्षं झाली की खलास, मी आणि आमची बायको गावी. तोवर दोघांनी इथंच राहायचं असं ठरलेलं होतं. लग्नानंतरची एकोणीस वर्षं ती गावी आणि मी इथं कँपात, आठ माणसांच्या खोलीत, असे काढलेत आम्ही. फॅमिली क्वार्टर मिळाल्यावर तिला आणि मुलीला आणलं. पुन्हा वेगळं राहायचं म्हणजे मला विचारू नका.

तर ह्या वेळचा फॉर्म आला. फॉर्म हल्ली कागदावर नसतो. हाऊसिंग ऑफिसात जायचं आणि सांगायचं, कारकून कॉम्प्युटरवर भरतो. कारकून आमचा वसईचा. पन्नाशीचा माणूस, रविवारचं चर्च चुकवत नाही, आणि बाकीचे सहा दिवस आमच्यासारख्यांचं डोकं सहन करतो. मराठी बोलतो म्हणून मी त्याच्यावर जास्तच हक्क दाखवतो.

"काका, मुलगी इथंच राहते अजून?"

"दुबईला. नोकरी लागली तिला. इंजिनीअर झाली, तुला सांगितलं नव्हतं?"

"चार वेळा सांगितलं. मग तिचं नाव काढून टाकतो."

"काढून टाकतो म्हणजे? मेली काय ती?"

"तसं नाय हो. राहणाऱ्यांचीच नावं लागतात इथं. राहत नाही तर तिचा पगार दाखवायचा नाही. भाडं आहे तेवढंच. तुमचाच फायदा."

"मागच्या वेळचं दाखव. तिच्या नावापुढं काय आहे?"

त्यानं कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला. "स्टुडंट. पगार शून्य."

तो भोपळा मी बघितला. त्या भोपळ्यापायी मी चार वर्षं ओव्हरटाईम केला होता, उन्हाळ्यातसुद्धा, लोखंडाला हात लावला तर कातडी निघेल अशा दिवसांत. मागच्या फॉर्मच्या वेळी ह्याच ऑफिसात मागं उभा असलेला एक जण म्हणाला होता, मुलीवर एवढा खर्च करून काय मिळणार. त्याला मी तेव्हा उत्तर दिलं नव्हतं.

"तो भोपळा काढ आणि आठ हजार घाल."

"काका, राहते अशी खूण केल्याशिवाय पगाराचा रकाना उघडतच नाही."

"मग कर खूण."

"भाडं वाढेल."

"वाढू दे. मुलगी कमावते ते सरकारला कळू दे."

"सरकार नाय हो हे, कॉलनी आहे."

"तू भर."

त्यानं भरलं. त्या वेळी मला फार बरं वाटलं, खोटं का सांगू.

मग घर बघायला माणूस येणार होता. आमच्याकडं त्याला टूथब्रशवाला म्हणतात, कारण तो बाथरूममध्ये शिरून टूथब्रश मोजतो. तोंडानं कुणी काही सांगो, ब्रश चार असले तर माणसं चार. मग चपला मोजतो, गाद्या मोजतो. तो यायच्या दिवशी सकाळी अख्ख्या कॉलनीत हालचाल सुरू होते. ज्यांची कमावती पोरं घरात राहतात आणि फॉर्मवर राहत नाहीत, त्यांच्या गाद्या, बॅगा, ब्रश जिन्यावरून खाली-वर फिरतात. पहिल्या मजल्याचा माल चौथ्या मजल्यावर, चौथ्याचा दुसऱ्यावर. टूथब्रशवाला ज्या बिल्डिंगीत असेल त्याच्या पुढच्या बिल्डिंगीत सगळं हलवलेलं असतं. ह्या कामात जो शिस्तीनं वागतो त्याला मी उद्या फोरमन करीन.

शेजारी केरळवाला आहे, क्रेन चालवतो. वीस वर्षांची ओळख. त्याचा मुलगा सव्वीस वर्षांचा, गोडाऊनमध्ये कामाला, बापाजवळ राहतो. फॉर्मवर तो नाही. सकाळी सहाला केरळवाला दारात उभा, डोक्यावर गादी.

"भाई, दो घंटा रखो. एक बॅग भी है."

"नहीं रखेगा," मी म्हटलं. "मैंने फॉर्म में एकदम सच लिखा है. तुम भी लिखो. डरने का क्या?"

"सच लिखा? तुम्हारी बेटी तो मरीना में रहती है बोला था."

"वो अलग बात है."

त्यानं माझ्याकडं बघितलं, गादी डोक्यावरून खांद्यावर घेतली आणि खालच्या मजल्यावर गेला. आत बायको म्हणाली, "अहो, ठेवली असती तर काय बिघडलं असतं? त्यानं तुमची गुडघ्याची औषधं दोन वेळा रुवैसवरून आणून दिली." मी म्हटलं, आपण चोरी करत नाही, दुसऱ्याचीही लपवणार नाही. तिनं माझ्यापुढं पोहे ठेवले, लिंबू पिळलं नाही.

आता मरीनाचं सांगायला पाहिजे. मुलीला नोकरी लागली तेव्हा तिनं फोनवर एक फोटो पाठवला. मोठी काच, काचेबाहेर पाणी, पाण्यात पांढऱ्या बोटी, आजूबाजूला नुसते टॉवर. मी विचारलं कुठं, तर म्हणाली दुबई मरीना, म्हणजे बोटीवाल्या श्रीमंतांची वस्ती. मी तो फोटो वर्कशॉपात दाखवला, मशिदीसमोरच्या चहावाल्याला दाखवला, केरळवाल्याला दाखवला. मुलीचा फ्लॅट म्हणून. बायको एकदा म्हणाली, "अहो, फ्लॅट म्हणाली का ती?" मी म्हटलं, मग काय दुसऱ्याची गॅलरी दाखवली का. त्यावर ती गप्प बसली. ती गप्प बसते तेव्हा समजून घ्यायला पाहिजे, पण मी कधी समजून घेतलं नाही.

टूथब्रशवाला आला. मुलीची खोली उघडून बघितली. पलंगावर चादर घातलेली, कपाटात कपडे, बाथरूममध्ये तिचा जांभळा ब्रश. ती महिन्यातून दोनदा येते, दुबईहून अबूधाबी आणि तिथून इथं अशा दोन बस बदलून, म्हणून सगळं मांडून ठेवलेलं असतं. "बेटी?" त्यानं विचारलं. "इंजिनीअर," मी म्हटलं. त्यानं लिहून घेतलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. वसईवाल्यानं वाचून दाखवलं. माझे साडेपाच हजार, मुलीचे अर्धे म्हणजे चार, एकूण साडेनऊ, त्याचा पाचवा हिस्सा एकोणीसशे. म्हणजे महिन्याला आठशे दिरहाम जास्त. आठशे म्हणजे जवळजवळ एकोणीस हजार रुपये, गावच्या घराच्या बँकेच्या हप्त्याएवढे. ते दोन्ही माझ्या पगारात बसत नव्हते. हप्ता तर चुकवता येत नाही. मग राहिलं एकच, क्वार्टर सोडायचं, बायकोला गावी पाठवायचं आणि मी परत कँपात. दोन वर्षं. ह्या वयात वरच्या पलंगावर चढून.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, माझ्या पापडांचे महिन्याला साठ दिरहाम येतात, ते नाही लिहून आलात?"

मुलीनं फोनवर लगेच सांगितलं, आय विल पे द डिफरन्स. मी म्हटलं, मुलीच्या पैशानं बाप भाडं भरणार नाही. ती म्हणाली, बट यू पुट माय सॅलरी ऑन द फॉर्म, बाबा. मी फोन बायकोकडं दिला.

वसईवाल्यानं वाट दाखवली. कमिटीकडं फेरविचाराचा अर्ज करता येतो. मुलगी दुसरीकडं राहते हे दाखवायचं, म्हणजे तिचा पगार उडतो. "तिच्या मरीनाच्या फ्लॅटचा भाडेकरार आणा फक्त. दोन मिनिटांचं काम."

मी म्हटलं, आणतो की.

शुक्रवारी मी दोन बस बदलून दुबईला गेलो. मुलगी ऑफिसखाली भेटली. मी म्हटलं, चल, घर दाखव. तिनं टॅक्सी केली. टॅक्सी मरीना सोडून निघाली ती निघालीच. तासाभरानं शारजा आलं. अल नहदा नावाची वस्ती. टॉवरला टॉवर चिकटलेला, बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे, खाली गाड्या लावायला जागा नाही म्हणून एकामागं एक तीन रांगा. नवव्या मजल्यावर एका मल्याळी आंटीच्या फ्लॅटमध्ये एक खोली, खोलीत तीन दुमजली पलंग, प्रत्येकाला पडदा. सहा मुली. आमच्या मुलीचा वरचा, एसीच्या तोंडाखाली.

"फोटोतलं पाणी कुठाय?" मी विचारलं.

"दॅट वॉज माय ऑफिस, बाबा. आय नेव्हर सेड फ्लॅट."

"मग सांगायचं नाही?"

"आईला सांगितलं होतं."

त्या पोरी पडद्यातून डोकी काढून बघत होत्या. एकीनं खुर्ची दिली. मी बसलो नाही. पैसे कुठं जातात म्हणून विचारलं, तर म्हणाली ड्रायव्हिंग क्लासला, टेस्टला दोनदा नापास झालीय. इंजिनीअर मुलगी, गाडी मागं घेता येत नाही. मला हसू आलं पण हसलो नाही, कारण त्या वेळी मला राग आलेला होता आणि राग असताना मी हसत नाही.

कराराचं विचारलं तर मल्याळी आंटीनं दोन्ही कान पकडले. करार तिच्या एकटीच्या नावावर. सहा मुली ठेवलेल्या कळलं तर तिलाही बाहेर काढतील आणि सहाजणींनाही. "कागज मत माँगो, अंकल. चाय पियो." चहा चांगला होता. मी रिकाम्या हातानं परत आलो.

वसईवाला म्हणाला, मग दोन शेजाऱ्यांच्या सह्या लागतील, की मुलगी इथं राहत नाही. आणि कमिटीसमोर त्यांनी स्वतः यायचं.

माझा एक शेजारी म्हणजे भिंतीला लागून केरळवाला. दुसऱ्या बाजूला जिना. समोरच्या दारात एक तेलुगू म्हातारा राहतो, त्याला काहीही सांगा, तो सही करतो. पण केरळवाल्याचं दार. मी त्या दारासमोर तीन वेळा गेलो आणि तीन वेळा चपला सरळ करून परत आलो. चौथ्या वेळी त्यानंच उघडलं.

"क्या है भाई? गादी रखना है?"

मी सांगितलं. मरीना नाही, अल नहदा. फ्लॅट नाही, पलंग. तोही वरचा. एवढं बोलायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी सहा इंची पाईप जोडला असता. त्यानं सगळं ऐकलं, मग आत बायकोला मल्याळीत काहीतरी ओरडून सांगितलं आणि आतून तिचं हसणं आलं.

"आएगा," तो म्हणाला. "लेकिन वो लोग मेरे को पूछा, तेरा लडका किधर, तो?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तो माझ्यासाठी उभा राहिला तर कमिटीची नजर त्याच्या घरावर जाणार. मी म्हटलं, "मत आओ फिर." आणि हे मी खरंच म्हटलं. त्यानं दार लावून घेतलं.

कमिटी कम्युनिटी हॉलमध्ये बसते. आत वेगळी खोली वगैरे काही नाही. अर्ज केलेले सगळे खुर्च्यांवर रांगेनं बसतात आणि एकमेकांचं ऐकतात. कुणाच्या बायकोचा पगार किती, कुणाचा मुलगा नोकरीवरून काढला, सगळं. मी, बायको, तेलुगू म्हातारा. आमचं नाव पुकारायच्या आधी मागचं दार उघडलं आणि केरळवाला आला, इस्त्रीचा शर्ट घालून, जणू लग्नाला.

म्युनिसिपालिटीची बाई इंग्रजीत विचारायची, वसईवाला मराठीत सांगायचा.

"बाई विचारतात, मुलगी कुठं राहते?"

हॉलमध्ये चहावालासुद्धा होता. त्याला मी तो फोटो दोनदा दाखवला होता.

"शारजाला," मी म्हटलं. "एका खोलीत सहा मुली. पलंग भाड्यानं."

मागं कुणीतरी "मरीना?" म्हणालं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं.

"बाई विचारतात, मग फॉर्मवर इथं राहते म्हणून खूण का केली?"

"त्याशिवाय पगार लिहिता येत नव्हता."

वसईवाल्यानं ते सांगितलं. बाईनं पेन खाली ठेवलं. शेख साहेबांनी अरबीत काही विचारलं, हिशोबनीसानं सांगितलं, आणि साहेब दाढीत हसले. माझ्या मते इतक्या वर्षांत त्या टेबलासमोर पगार कमी करून सांगणारे हजार आले असतील, वाढवून सांगणारा मी पहिलाच.

तेलुगू म्हाताऱ्यानं विचारायच्या आधीच सही केली. मग केरळवाला उठला. मुलगी इथं राहत नाही, महिन्यातून दोनदा येते, येते तेव्हा आमच्याकडं मासे खाते, असं त्यानं सांगितलं. सही केली. बाईनं कागद बघितला.

"तुमचा पण मुलगा आहे. तो कुठं राहतो?"

केरळवाला शांतपणे म्हणाला, "दुबई मरीना, मॅडम. इसकी बेटी के बाजूवाले फ्लॅट में."

अख्खा हॉल हसत सुटला. बाईला कळेना काय झालं. वसईवाल्यानं भाषांतर केलं नाही, खोकला काढला. साहेब म्हणाले, यल्ला, पुढं.

बाईनं निकाल सांगितला. मुलीचा पगार उडाला. भाडं परत अकराशे. मी उठायला लागलो तर तिनं हात वर केला. मुलगी राहत नसेल तर घरात माणसं दोन. दोन माणसांना दोन खोल्यांचं क्वार्टर मिळत नाही, एक खोलीचं मिळतं. बी बिल्डिंगमध्ये एक रिकामं आहे. महिनाभरात हलायचं. नाहीतर मुलगी राहते असं धरून एकोणीसशे.

"ती मुलीची खोली आहे," मी म्हटलं.

"राहत नाही म्हणालात ना?"

"राहत नाही. पण खोली तिची आहे."

वसईवाला माझ्याकडं बघून मान हलवायला लागला. मी म्हटलं, तू सांग त्यांना. मी बत्तीस वर्षं इथं काम केलं, खोली सोडणार नाही आणि एकोणीसशेही देणार नाही, काय करायचं ते करा. मी आणखीही बोललो असतो. मला थांबता येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

बायको उठली. इतकी वर्षं ह्या देशात आहे, पण चार माणसांत ती कधी बोललेली मी ऐकली नव्हती.

"अहो, कुणाची खोली? ती येते तेव्हा माझ्याजवळ झोपते, आणि तुम्ही घोरता म्हणून तुमची गादी हॉलमध्ये. त्या पलंगावर गेल्या वर्षात झोपलं कोण? माझे पापड वाळतात त्याच्यावर." मग वसईवाल्याकडं वळून, "भाऊ, सांगा त्यांना. आम्हाला एक खोली चालते. आणि हे मला गावी पाठवून कँपात जायला निघाले असतील तर ते नाही चालत. हे पण सांगा."

वसईवाल्यानं सांगितलं. एक शब्द गाळला नाही, घोरण्याचंसुद्धा. शेख साहेबांनी पेन माझ्याकडं सरकवलं. मी सही केली. मराठीत करतो मी, पूर्ण नाव, ओळीच्या बाहेर जाईपर्यंत.

महिनाअखेरीला हललो. सामान केरळवाल्यानं आणि त्याच्या मुलानं उचललं, जो मुलगा कॉलनीत राहतच नाही. मुलीचा पलंग नव्या घराच्या दारातून आत जाईना, तर तो त्या मुलालाच दिला. तीन वर्षांनी टूथब्रशवाला येईल तेव्हा तो पलंग कुठं फिरवायचा ते त्यांचं ते बघतील. मी सांगितलंय, माझ्याकडं आणा, हॉलमध्ये उभा करून ठेवू.

पहिल्या शनिवारी मुलगी घरी होती. सकाळी उठून ती दारात उभी राहिली, खोली बघितली, हॉल बघितला, दोन मिनिटांत सगळं बघून झालं.

"इट्स स्मॉल, बाबा."

"असू दे छोटं. तुझा पगार नाही त्यात."

"बापाची बढाई तेवढी आहे," बायको किचनमधून म्हणाली.

मी चहा मागितला. ती म्हणाली, उठून घ्या, आता तर दोन पावलांवर आहे. मी उठलो आणि घेतला.